बिग डेटा नव्हता तेव्हा गोखल्यांनी बजेट कसं वाचलं?

आज बजेट सादर झालं की थोड्याच वेळात त्याचे चार्ट मोबाईलवर फिरायला लागतात. खासदारांच्या मदतीला संसदेचं ग्रंथालय असतं, माहिती शोधून देणारी टीम असते आणि आता बिग डेटाची टूल्सही आली आहेत. यातलं काहीच नव्हतं, तेव्हा एका मराठी माणसाने सरकारचेच आकडे वापरून सरकारला प्रश्न विचारले. ते होते गोपाळ कृष्ण गोखले.

गणित शिकवणारा तरुण

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. मोठ्या भावाने नोकरी धरली आणि गोपाळचं शिक्षण चालू ठेवलं. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर ते पुण्यात शिक्षक झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातही शिकवलं. त्यांनी सहकाऱ्यासोबत लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळांमध्ये अनेक वर्षं चाललं.

पुण्यातच ते न्यायमूर्ती रानड्यांच्या तालमीत तयार झाले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम करताना सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे आणि मगच लिहायचं, ही सवय लागली.

एका माणसाची रिसर्च टीम

१८९७ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. त्या तयारीत त्यांना मोठी मदत झाली ती गणेश व्यंकटेश जोशी यांची. जोशी सरकारी शाळेतले हेडमास्तर. जमाखर्चाचे अहवाल वर्षानुवर्षं वाचून, आकडे एकाखाली एक लावून ठेवायचा त्यांना नाद होता. आज संसदेची संशोधन सेवा जे काम करते, ते तेव्हा गोखल्यांसाठी जोशी पत्रव्यवहारातून करत होते.

२६ मार्च १९०२

या दिवशी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये गोखल्यांनी बजेटवर पहिलं भाषण केलं. सदस्यांना फक्त बोलता यायचं, बजेटवर मत देता येत नव्हतं. सरकार खूश होतं, कारण सलग चौथ्या वर्षी तिजोरीत शिल्लक होती आणि तीही सात कोटी रुपयांवर. म्हणजे देश सुखात आहे, असा अर्थ काढला जात होता.

गोखल्यांनी मागच्या अनेक वर्षांचे आकडे शेजारी ठेवले. भारताला दरवर्षी दीड कोटीहून जास्त पौंड इंग्लंडला द्यावे लागत. रुपया घसरून सुमारे १३ पेन्सवर आला, तेव्हा एका पौंडाला साडेअठरा रुपयांच्या आसपास पडायचे. रुपयाच्या घसरणीच्या त्या वर्षांत सरकारने कर वाढवले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपया १६ पेन्सवर आला आणि पौंड १५ रुपयांना पडू लागला. खर्च कमी झाला, पण कर तेवढेच राहिले.

म्हणजे शिल्लक लोक श्रीमंत झाल्यामुळे पडत नव्हती, गरजेपेक्षा जास्त कर घेतल्यामुळे पडत होती. त्यातही दुष्काळ आणि प्लेगची ती वर्षं होती. मीठ तर गरिबालाही लागतंच.

१९०३ मध्ये मिठावरचा कर २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया. याला इतरही कारणं असतील, पण गोखले ही मागणी दरवर्षी आकड्यांसकट मांडत होते.

आकडे होते, तरी बिल पडलं

१९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचं करण्याचं बिल आणलं. इतर देशांची तुलना दिली, बडोदा संस्थानचं उदाहरण दिलं. पण कौन्सिलमध्ये सरकारी सदस्यांचं बहुमत होतं. १९१२ मध्ये बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. डेटा कितीही पक्का असला तरी निर्णय मतांवर होतो, हेही इथे दिसतं. १९ फेब्रुवारी १९१५ ला, ४८ व्या वर्षी, गोखले गेले.

आज काय बदललंय?

भारतात संसदेचं ग्रंथालय १९२१ मध्ये सुरू झालं आणि संशोधन सेवा १९५० मध्ये. आता संसदेच्या डिजिटल लायब्ररीत १८५४ पासूनच्या चर्चा आहेत. एवढा मजकूर एका माणसाला वाचून होणार नाही. इथे बिग डेटा कामी येतो: हजारो चर्चांतून एक विषय शोधणं, जुनी-नवी बजेटं जुळवणं, एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या वर्षी काय उत्तर दिलं ते समोर ठेवणं. जोशींना जे काम करायला महिने लागत, ते काही मिनिटांत होऊ शकतं.

अडचणीही आहेत. स्कॅन केलेल्या जुन्या पानावरचा आकडा मशीन चुकीचा वाचू शकतं. एखाद्या खर्चाचं नाव किंवा मोजण्याची पद्धत मध्येच बदललेली असते. ते न पाहता ग्राफ काढला तर तो दिसायला छान, पण चुकीचा असतो. म्हणून मूळ कागद तपासणारा ग्रंथपाल आणि अभ्यासक लागतोच.

१९०२ चे आकडे गुप्त नव्हते. सरकारनेच ते छापले होते. ही शिल्लक नक्की आली कुठून, हा प्रश्न मात्र गोखल्यांनी विचारला. पुढच्या बजेटला फोनवर चार्ट आला, तर हाच प्रश्न तुम्हीही विचारून बघा.