वेरूळच्या रेखाटनांमागचा पुणेकर : गंगाराम तांबट

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) यांची रचना ओळखणे फारसे अवघड नाही. शाहिरी परंपरेप्रमाणे अखेरच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो आणि ती नाममुद्रा कवनासोबत गावोगाव जाते. त्यामुळे कागद जीर्ण झाले, गाणारे बदलले, तरी कर्ता हरवत नाही. सवाई माधवराव पेशव्यांची कारकीर्द, १७९५ ची खर्ड्याची लढाई आणि पेशव्यांचा अकाली मृत्यू हे सारे फंदींनी शब्दांत बांधले. नेमक्या त्याच काळात पुण्यात एक चित्रकार तोच काळ कागदावर उतरवीत होता. त्याचे नाव मात्र जवळजवळ दोन शतके अंधारात राहिले. हा चित्रकार म्हणजे गंगाराम चिंतामण नवगिरे, अर्थात गंगाराम तांबट.

चीनमध्ये कुंचल्याने चित्र रंगविणारा कलावंत चित्राच्या कडेला लाल शाईची मुद्रा उमटवतो. पुढे ज्यांच्या संग्रहात ते चित्र जाते, तेही आपापल्या मुद्रा त्यावर ठेवतात. तरीही तेथे चित्राच्या कर्त्याविषयी वाद होतातच, कारण मुद्राही बनावट असू शकते. आपल्याकडील चित्रकारांपाशी बहुधा तेवढाही आधार नसे. चित्र ज्याच्या आज्ञेने काढले त्याचे नाव टिके, काढणाऱ्याचे विरून जाई.

गंगाराम यांच्या बालपणाविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही. तांबट हे नाव धातूची भांडी घडविणाऱ्या समाजाशी जोडलेले आहे. त्यांचे खरे चरित्र सुरू होते ते चार्ल्स वॉर मॅलेट याच्या भेटीपासून. मॅलेट १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून पुणे दरबारी आला. राजकारणाइतकीच त्याला येथील प्राणी, वनस्पती आणि प्राचीन वास्तूंची जिज्ञासा होती. पाहिलेले सारे कागदावर उतरविण्यासाठी त्याला कुशल हात हवा होता. तो हात गंगाराम यांचा ठरला. १७९० मध्ये त्यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला. पर्वतीची टेकडी आणि तिच्यावरील मंदिरेही त्यांच्या कागदावर आली.

१७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईस उतरला आणि पुढील वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने काढलेली तैलचित्रे आजही त्या काळाचा चेहरा म्हणून ओळखली जातात. मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात पाश्चात्त्य पद्धतीची चित्रशाळाही सुरू झाली. वेल्सच्या सहवासात गंगाराम यांना यथादर्शनाचे, म्हणजे दूर-जवळचा भेद रेषेने दाखविण्याचे तंत्र आत्मसात करता आले. परंतु ते केवळ शिष्य नव्हते. वेल्स येण्यापूर्वीच त्यांची नजर आणि हात तयार झालेले होते.

या कलावंताची खरी कसोटी लागली ती वेरूळला. डोंगर कोरून घडविलेल्या त्या लेण्यांत उजेड अपुरा, मूर्ती असंख्य आणि मापे अवाढव्य. तेथे बसून स्तंभ, दालने आणि मूर्ती यांची रेखाटने करणे हे चिकाटीचे काम होते. गंगाराम यांनी ते केले. मॅलेटचे वेरूळविषयीचे टिपण १७९९ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या संशोधनग्रंथाच्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यामागे गंगाराम यांचे हे श्रम उभे होते.

१७९५ हे वर्ष अनिष्ट ठरले. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा अंत झाला आणि पुढच्याच महिन्यात वेल्सही वारला. चित्रशाळेचा आश्रय संपला. १७९७ मध्ये मॅलेटने पुणे सोडले आणि १७९९ मध्ये त्याने वेल्सची कन्या सुझॅना हिच्याशी विवाह केला. वेल्सची आणि गंगाराम यांची रेखाटने अशा रीतीने एकाच घराण्याच्या संग्रहात गेली. १८०३ मध्ये थॉमस डॅनियल याने लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस चित्रांचा भव्य ग्रंथ काढला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर वेल्सचे नाव होते, डॅनियलचे होते. पुण्याच्या चित्रकाराचे नव्हते. वेरूळची कीर्ती युरोपात पोहोचली, मात्र लेण्यांत बसून रेषा ओढणारा मागेच राहिला.

मराठी वाचकांना हे नाव सर्वस्वी अपरिचित नव्हते. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९२१ च्या आपल्या जुन्या पुण्यावरील इंग्रजी ग्रंथात त्याचा उल्लेख केला होता. परंतु नाव एकीकडे आणि चित्रे दुसरीकडे अशी स्थिती होती. ही चित्रे पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात दाखल झाली. तेथे वेल्सची दैनंदिनीही आहे. चित्रांवरील टिपणे, दैनंदिनीतील नोंदी आणि रेषेची ठेवण एकमेकांशी ताडून पाहता वेल्स कोठे संपतो आणि गंगाराम कोठे सुरू होतात, हे उलगडू लागले. होली शॅफर या अभ्यासिकेने २०११ मधील येल येथील प्रदर्शनात आणि २०२२ मधील आपल्या ग्रंथात त्यांना मानाचे स्थान दिले.

चित्राचा कर्ता ओळखणे हे केवळ संग्राहकांचे कुतूहल नव्हे. कर्त्याचे नाव बदलले की इतिहासाचा अर्थही बदलतो. वेरूळ प्रथम इंग्रजांनी पाहिले आणि रेखाटले, हा समज गंगाराम यांच्या शोधाने ढळला. येथील माणसानेच आपला वारसा मोजला होता, समजून घेतला होता.

गंगाराम यांच्या रेखाटनांत एक चित्र विशेष आहे. वेरूळ येथे आपल्या गुरूंच्या सन्निध बसलेला चित्रकार त्यात दिसतो. तो चित्रकार म्हणजे स्वतः गंगाराम. शाहिराने अखेरच्या कडव्यात नाव गुंफावे, तशी त्यांनीही आपली मुद्रा ठेवली होती. ती वाचणारा भेटण्यास मात्र दोनशे वर्षे जावी लागली.