विद्यार्थ्यांना धरून राहिलेले शिक्षक : डीट्रिख बॉनहॉफर



आपल्या वर्गाच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा छान लिहितील. मी मात्र एका दूरदेशीच्या शिक्षकांविषयी लिहिणार आहे. मी ख्रिस्ती घरातली, त्यामुळे डीट्रिख बॉनहॉफर हे नाव ओळखीचं होतं : हिटलरच्या विरोधात उभे राहिलेले हुतात्मे. पण त्यांनी आपले विद्यार्थी कसे सांभाळले, हे मला चाळिशीत वाचायला मिळालं आणि तेच जास्त भावलं.

त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ चा. वडील नामांकित मानसोपचारतज्ज्ञ, घर सुखवस्तू. एकविसाव्या वर्षी त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि नाझींनी चर्चवरही पकड बसवायला सुरुवात केली. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांनी ‘कन्फेसिंग चर्च’ उभं केलं. बॉनहॉफर तेव्हा लंडनमध्ये पाळक होते. गांधीजींच्या आश्रमात येऊन राहायची त्यांची फार इच्छा होती आणि गांधीजींनी १९३४ मध्ये बोलावलंही होतं. पण नव्या पाळकांना शिकवण्याची जबाबदारी आली आणि भारताचा बेत राहून गेला.

१९३५ मध्ये फिंकेनवाल्ड इथे त्यांची पाठशाळा सुरू झाली. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. एका तुकडीत वीस-पंचवीस तरुण. सरांनी स्वतःची पुस्तकं, पियानो आणि अमेरिकेहून आणलेल्या कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांच्या तबकड्या तिथे ठेवून दिल्या. दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने व्हायचा. एक नियम मात्र भारी होता : गैरहजर असलेल्या सोबत्याविषयी पाठीमागे बोलायचं नाही, आणि बोलणं झालंच तर त्याला जाऊन सांगायचं. (आपल्या वर्गाला हा नियम असता तर मधली सुट्टी शांततेत गेली असती!)

तिथेच एबरहार्ड बेटगे हा विद्यार्थी त्यांना भेटला. तो खेड्यातल्या पाळकाचा मुलगा, सरांपेक्षा तीन वर्षांनी लहान. नाझींना अनुकूल असलेल्या चर्चप्रमुखांना न जुमानल्यामुळे त्याला आधीच्या पाठशाळेतून काढून टाकलं होतं. बॉनहॉफर आपल्या पापांची कबुली द्यायला याच विद्यार्थ्याकडे जात. गुरू-शिष्याचं नातं तिथून मैत्रीचं झालं.

१९३७ मध्ये गेस्टापोने पाठशाळेला टाळं ठोकलं. वर्ष संपेपर्यंत २७ आजी-माजी विद्यार्थी अटकेत गेले. वर्ग मोडला, पण सरांनी तो मोडू दिला नाही. ते सगळ्यांना मिळून पत्रं लिहीत : कोण कुठे आहे, कोण तुरुंगात आहे, कोणासाठी प्रार्थना करायची. महायुद्ध सुरू झाल्यावर मुलं सक्तीने सैन्यात गेली आणि पत्रांत रणांगणावर मेलेल्यांची नावं येऊ लागली. अशी सामूहिक पत्रं सैनिकांना पाठवायला बंदी आली, तेव्हा ती वैयक्तिक पत्रं म्हणून जाऊ लागली.

त्यांना सुटकेची संधीही मिळाली होती. १९३९ च्या जूनमध्ये मित्रांनी त्यांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. महिनाभरात ते परत फिरले. संकटात आपल्या माणसांबरोबर नसलो, तर युद्धानंतर त्यांच्यासोबत देश उभारायचा हक्क आपल्याला उरणार नाही, असं त्यांना वाटलं.

परतल्यावर ते हिटलरविरोधी कटात सामील झाले. ५ एप्रिल १९४३ ला अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून, सहृदय पहारेकऱ्यांच्या मदतीने, बेटगेला चोरून पत्रं जाऊ लागली. त्यांत श्रद्धेविषयीचे अवघड प्रश्न होते, तशी संगीताची आणि घरची आठवणही होती. बेटगे तेव्हा सैनिक म्हणून इटलीत होता. ही पत्रं गॅस मास्कच्या डब्यांत घालून बर्लिनमधल्या घराच्या बागेत पुरून ठेवली गेली. आमच्या क्षेत्रात बॅकअपचं महत्त्व रोज सांगतात. इतका मोलाचा बॅकअप मी दुसरा ऐकलेला नाही. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये बेटगेलाही अटक झाली. शेवटची काही पत्रं सरांना धोका नको म्हणून त्याला जाळावी लागली.

८ एप्रिल १९४५ ला, रविवारी, बॉनहॉफर यांनी सहकैद्यांच्या विनंतीवरून उपासना घेतली. ती संपताच त्यांना नेण्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसेनबुर्ग छळछावणीत फाशी दिली. वय ३९. युरोपातलं युद्ध महिन्याभरात संपलं. त्यांचा एक भाऊ आणि दोन मेहुणेही मारले गेले.

बेटगे वाचला. बागेतली पत्रं काढून त्याने १९५१ मध्ये छापली, १९६७ मध्ये सरांचं हजारावर पानांचं चरित्र लिहिलं आणि २००० साली मरेपर्यंत हेच काम केलं. सरांनी विद्यार्थी धरून ठेवले होते. शेवटी विद्यार्थ्याने सरांना धरून ठेवलं.

श्रद्धा ही एकट्याने पेलायची गोष्ट आहे, असं मला पूर्वी वाटे. आता वाटतं, कठीण काळात ती एकमेकांसाठी पेलावी लागते. एक खचला की दुसऱ्याने त्याचं नाव घ्यायचं. हे करायला ख्रिस्ती असावं लागत नाही.

मेळाव्याच्या यादीत काही नावांपुढे फोन नंबरची जागा रिकामी आहे. काहींचा नंबर आहे, पण ते कधीच बोलत नाहीत. नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल, किंवा नुसतंच सांगावंसं वाटत नसेल. प्रत्येकाने त्यातलं एक नाव घ्यावं आणि त्या घरापर्यंत पोचावं, एवढंच सुचवते. मी दोन घेतली आहेत.