बडोद्याचा अर्ज

उत्सव समितीचे कार्यवाह दरवर्षी आषाढात फोन करतात आणि स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून आग्रह धरतात. यंदा त्यांनी थोर पुरुषाचे चरित्र मागितले. गेल्या वर्षी मंडपाच्या कोपऱ्यात आपण घरांचे अर्ज भरून देण्याचे टेबल मांडले होते. तेथे बसल्या बसल्या मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वारंवार आठवण येत होती. त्यांचे सारे चरित्र लिहिण्याची माझी योग्यता नाही. ते ज्या ज्या छपराखाली राहिले, तेवढ्यापुरतेच लिहितो.

भीमराव लहानपणी साताऱ्याहून मुंबईला आले ते परळ भागातील डबक चाळीत, एका खोलीत. तीच स्वयंपाकघर, तीच अडगळ, तीच अभ्यासिका. सगळ्यांना एकदम झोपायला जागा नसे. म्हणून सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागत बसत आणि रात्री दोनला त्याला अभ्यासासाठी उठवून त्याच्या जागेवर आडवे होत. मी दोन मुले वाढवली, पण असा बाप मला होता आले नाही, हे कबूल करतो.

१९१२ च्या सुमारास हे कुटुंब परळच्या बी. आय. टी. चाळीत राहायला गेले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्या ट्रस्टने गरिबांसाठी भाड्याने बांधलेल्या या चाळी. आज आपण ज्याला परवडणारी भाड्याची घरे म्हणतो, त्याचा हा आपल्याकडचा जुना नमुना. सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास. पण भाडे बेताचे, आणि डोक्यावरचे छप्पर पक्के. बाबासाहेब १९३४ पर्यंत याच चाळीचे भाडेकरू होते. ‘मूकनायक’, महाडचा सत्याग्रह, पहिली गोलमेज परिषद या साऱ्या काळात त्यांचा पत्ता हाच होता.

मधला बडोद्याचा प्रसंग मात्र थोडा थांबून सांगितला पाहिजे.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले आंबेडकर करारानुसार १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. नेमणूक अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. नोकरी मिळाली, पण राहायचे कुठे? हिंदू खाणावळीत जातीमुळे सोय होणार नव्हती. शेवटी एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव नोंदवून आसरा घेतला. मोठी, अंधारी, ओसाड जागा. सोबतीला माणूस नाही. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम भरून गेले. दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरच्या अडचणी पुढे केल्या. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ त्यांनी तेथील सार्वजनिक बागेत बसून काढला. परदेशातून अर्थशास्त्र शिकून आलेला सव्वीस वर्षांचा तरुण, आणि त्याचा अर्ज अजून टेबलावरच.

ही हकीकत मला पुस्तकातून नव्हे, एका मित्राकडून कळली. १९७६ साली आम्ही दोघे नोकरीसाठी दिल्लीत आलो. तो नागपूरचा, मी कोल्हापूरचा. एका घरमालकाकडे जोडीने खोली पाहायला गेलो. त्याने दोघांची आडनावे विचारली, मग मित्राच्या गावाची आणि जातीची चौकशी केली, आणि खोली एकट्यासाठीच आहे असे सांगितले. मी ती घेतली. मित्र काही बोलला नाही, मीही नाही. पुढे सरकारी निवासासाठी त्याचा अर्ज आधी मंजूर झाला आणि त्याला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या वसतिगृहात जागा मिळाली. जुन्या लोकांच्या तोंडी तेव्हाही तो कर्झन रोडच होता. मी आजारी पडलो तेव्हा त्याने मला आठ दिवस तेथे पाहुणा म्हणून नेले. एका संध्याकाळी खिडकीशी बसून त्याने बडोद्याची गोष्ट सांगितली. आमच्या खोलीचा विषय त्याने काढला नाही. त्याची गरजही नव्हती.

त्यानेच मला पुढचेही सांगितले. बडोद्यानंतर पंचवीस वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या खात्याकडे कामगारांचे प्रश्न होतेच, शिवाय केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आणि दिल्लीतील सरकारी घरांचे वाटपही होते. महायुद्धामुळे कचेऱ्या वाढलेल्या, कारकून वाढलेले, घरे अपुरी. शहरभर तात्पुरत्या बराकी उभ्या राहत होत्या. कोणाला क्वार्टर मिळाले, कोणाला का नाही, याची उत्तरे मध्यवर्ती कायदेमंडळात बाबासाहेबांना द्यावी लागत. ज्याचा स्वतःचा अर्ज टेबलावर पडून राहिला, त्याच्याच खात्याकडे आता राजधानीतील कारकुनांचे अर्ज येत होते. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला, त्यात खाणमजुरांच्या घरांचाही विचार होता. त्याच वर्षी नेमलेल्या रेगे समितीला कामगारांच्या वेतनाबरोबर त्यांच्या घरांची पाहणी करण्याचे काम दिले गेले.

स्वतःच्या घराची हौस त्यांना नव्हती असे नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. पण रमाबाईंना ते घर जेमतेम वर्षभर लाभले. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. दिल्लीत मात्र त्यांनी घर केले नाही. मजूरमंत्री असताना पृथ्वीराज रोड, कायदामंत्री झाल्यावर हार्डिंग अ‍ॅव्हेन्यू, म्हणजे आजचा टिळक मार्ग. सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर सरकारी बंगला सोडला आणि ते २६, अलीपूर रोड येथे राहायला गेले. ते घर सिरोहीच्या महाराजांचे. तेथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. राज्यघटनेचा मसुदा करणारा माणूस राजधानीत अखेरपर्यंत दुसऱ्याच्या घरात राहिला. २०१८ पासून तेथे राष्ट्रीय स्मारक आहे. मेट्रोने सिव्हिल लाइन्स स्टेशनला उतरून जाता येते. आपल्या मंडळींपैकी किती जण गेले आहेत, हे विचारण्याचा मोह आवरतो.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने धर्मशाळा, मुसाफिरखाना किंवा कोणत्याही वस्तीतील घर अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणे हा गुन्हा ठरला. मी खोली घेतली तेव्हा हा कायदा एकवीस वर्षांचा होता.

गेल्या वर्षी आपल्या टेबलाशी एक धुणीभांडी करणाऱ्या बाई आल्या. घरमालक भाड्याची पावती देत नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून फॉर्म कोणी भरून देत नाही. मी फॉर्म पुढे ओढला. आडनाव लिहिण्याच्या चौकटीपाशी माझा हात क्षणभर थांबला. का, ते त्यांना कळण्याचे कारण नव्हते.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेले आर्थिक दुर्बल गटात, तीन ते सहा लाखांचे अल्प उत्पन्न गटात येतात. कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. विकत घरांबरोबर भाड्याच्या घरांचाही तीत भाग आहे. यंदाही टेबल मांडणार आहोत, आरतीनंतर रोज संध्याकाळी. येताना कुटुंबातील सर्वांची आधार कार्डे, बँकेचे पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स आणाव्यात. अर्जाची पोच मात्र स्वतःजवळच ठेवावी.