हेन्री फोर्ड : मोटारींचा आणि कागदांचा धनी

नोकरीमुळे आमचा अर्धा दिवस गाड्यांच्या नंबरांत जातो. चॅसिसवर कोरलेल्या आकड्यांवर कागद ठेवायचा, पेन्सिल घासायची आणि उमटलेला नंबर पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहायचा. जुळला तर गाडी खरी. हे काम करताना ज्यांची राहून राहून आठवण होते, त्या हेन्री फोर्ड यांच्याविषयी यंदाच्या स्मरणिकेत लिहावे असे आम्हाला वाटले.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीत मन रमेना. नाद होता तो घड्याळे उघडून पुन्हा जुळवण्याचा. सोळाव्या वर्षी त्याने डेट्रॉईट गाठले आणि यंत्रशाळेत उमेदवारी धरली. १८९१ मध्ये तो एडिसन कंपनीच्या वीजघरात नोकरीला लागला. दिवसा नोकरी आणि रात्री घरामागच्या शेडमध्ये खटपट, असे करत ४ जून १८९६ रोजी पहिली गाडी तयार झाली. ती दारातून बाहेर निघेना, तेव्हा कुऱ्हाड घेऊन भिंतच फोडली!

पुढचे दोन उद्योग फसले. १६ जून १९०३ रोजी तिसरी कंपनी निघाली, तीच फोर्ड मोटर कंपनी. महिनाभरातच तिच्या खात्यात अवघे २२३ डॉलर ६५ सेंट उरले. तेवढ्यात शिकागोच्या एका डॉक्टरांनी ८५० डॉलरला पहिली गाडी घेतली आणि कंपनी तरली. १ ऑक्टोबर १९०८ रोजी 'मॉडेल टी' आली. १९१३ मध्ये फोर्ड यांनी सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू केली आणि जिथे एका चॅसिसला साडेबारा तास लागत, तिथे ते काम ९३ मिनिटांवर आले. १९१४ मध्ये त्यांनी कामगारांना दिवसाला ५ डॉलर देऊ केले. ही मजुरी तेव्हाच्या रोजाच्या जवळजवळ दुप्पट होती. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली.

आता आमच्या आवडीचा भाग. गाड्या एकसारख्या, पण प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र नंबर होता. कोणत्या दिवशी कोणत्या नंबरांची इंजिने तयार झाली, याच्या वह्या कारखान्यात लिहिल्या जात. सुरुवातीच्या गाड्यांची तर पाठवणीची बीजकेही आहेत. आपल्या कचेरीतली जावक नोंदवहीच म्हणा ना! मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे, असे जो तो सांगतो. प्रत्यक्षात सुरुवातीच्या गाड्या लाल, करड्या आणि हिरव्या होत्या. एकटा काळा रंग राहिला तो १९१४ ते १९२५ या काळात.

मात्र वही वाचायलाही जाण लागते. बरीच वर्षे या गाडीला चॅसिसचा वेगळा नंबर नव्हता. इंजिनाचा तोच गाडीचा. पुष्कळ गाड्या सुट्या भागांच्या रूपाने रेल्वेने दूरच्या शाखांकडे जात आणि तिथे जोडल्या जात. त्यामुळे इंजिनाची तारीख ही गाडीचीच तारीख असेल असे नाही. दुरुस्तीत इंजिन बदलले असेल तर वही खरी आणि गाडी खोटी! आपल्याकडच्या गाड्यांची वाट आणखी निराळी. हिंदुस्थानात विकण्याचा हक्क फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होता आणि १९२६ मध्ये मुंबईत निघालेली शाखाही तिचीच. म्हणून इथल्या जुन्या गाडीची जन्मतारीख शोधणाऱ्याने डेट्रॉईटच्या आधी कॅनडाची वही पाहावी. त्या इंजिनांच्या नंबराआधी 'सी' हे अक्षर असते.

गंमत अशी की फोर्ड यांना पुस्तकातल्या इतिहासाचे मुळीच कौतुक नव्हते. १९१९ मध्ये त्यांनीच लावलेल्या बदनामीच्या खटल्यात, इतिहासावरच्या प्रश्नांपुढे त्यांची फजिती झाली. खटला ते जिंकले, पण भरपाई मिळाली ६ सेंट! पुढे १९२९ मध्ये त्यांनीच नांगर, चुली, इंजिने अशा साध्या वस्तूंचे मोठे संग्रहालय उभारले.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२० पासून त्यांच्या साप्ताहिकाने ज्यू लोकांविरुद्ध विषारी लेखन छापले. १९२७ मध्ये फोर्ड यांना जाहीर माफी मागावी लागली. एकुलता एक मुलगा एडसेल याला त्यांनी कंपनीचा अध्यक्ष केले, पण त्याचे निर्णय वारंवार मोडून काढले. १९४३ मध्ये एडसेल वडिलांच्या आधी गेला.

७ एप्रिल १९४७ च्या रात्री नदीला पूर येऊन घरची वीज गेली होती. मोटारींनी जग बदलणाऱ्या या माणसाने मेणबत्त्यांच्या उजेडात प्राण सोडला. १९५० मध्ये पत्नी क्लारा गेल्यावर घर उघडून पाहतात, तो खोल्या कागदांनी भरलेल्या! पत्रे, बिले, पावत्या, टिपणे. काहीच टाकलेले नव्हते. त्यातून मोठे दफ्तरखाने उभे राहिले. आज जुन्या गाडीचा मालक आणि फोर्ड यांचे दोष शोधणारा अभ्यासक, दोघेही तिथेच जातात.

आम्हाला या माणसाकडून घ्यावीशी वाटते ती एवढीच गोष्ट. आपल्याला अडचणीचा होईल असा कागदही त्यांच्या घरात राहिला. आपल्या बाप्पानेही व्यासांचे महाभारत लिहून घेताना पांडवांच्या चुका गाळल्या नाहीत.

आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी या गावात आली. कोण, कधी, कोणत्या कामावर आले, हे सांगणारे मोडी कागद अजून कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती ट्रंक एकदा उघडून पाहावी, ही विनंती.