फॅरडे, क्लोरीन आणि घरचा तरणतलाव

अलिबाग, कर्जत, लोणावळा या पट्ट्यातल्या बंगल्यांत घरगुती तरणतलाव आता नवलाईचे राहिलेले नाहीत. तलाव बांधून झाला की मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र बसवावे का, असा प्रश्न पडतो आणि तो डॉक्टरांनाही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक समजूत पक्की असते. मिठाचे पाणी म्हणजे क्लोरीन नाही आणि क्लोरीन नाही म्हणजे मुलांचे डोळे चुरचुरणार नाहीत! ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आणि यंत्र घ्यायचेच तर काय पाहून घ्यावे, हे समजण्यासाठी मायकेल फॅरडे यांचे आयुष्य फार उपयोगी पडते. क्लोरीन, वीज आणि पाणी या तिन्हींशी त्यांची गाठ पडली होती.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार होते आणि प्रकृतीने अधू. महागाईच्या दिवसांत एक पाव आठवडाभर पुरवून खाण्याची पाळी लहानग्या मायकेलवर आली होती. शाळा जेमतेम लिहिता-वाचता येण्यापुरती झाली. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि तिथे सात वर्षे राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यातूनच त्याला रसायन आणि विजेची गोडी लागली.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही तेव्हा नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ होते. क्लोरीन हे संयुग नसून मूलद्रव्य आहे, हे त्यांनी १८१० मध्ये सांगितले होते. त्याच्या पिवळसर हिरव्या रंगावरून त्याचे नावही त्यांनीच ठेवले होते. मायकेलने व्याख्यानांची टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवली, स्वतः बांधली आणि नोकरीच्या आशेने डेव्हींकडे पाठवली.

संधी आली ती एका अपघातातून. नायट्रोजन ट्रायक्लोराइड या स्फोटक पदार्थावर प्रयोग करताना डेव्हींच्या डोळ्यांना इजा झाली आणि त्यांना काही दिवस लेखनिकाची गरज पडली. ते काम मायकेलला मिळाले. पुढे मार्च १८१३ मध्ये तो प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाला. लवकरच त्याच पदार्थाच्या स्फोटात त्याच्याही हाताला इजा झाली आणि एका नखाचा काही भाग उखडला.

हाच नायट्रोजन ट्रायक्लोराइड आपल्या तरणतलावातही तयार होतो. प्रमाण अत्यल्प असल्याने स्फोटाची भीती नसते, पण त्रास होतो. पोहणाऱ्यांचा घाम आणि लघवी यांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात. तलावाजवळ येणारा उग्र वास, लाल डोळे आणि खोकला यांमागे बरेचदा हीच संयुगे असतात. उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, असे अनेकांना वाटते. खरे तर तो वास तलावात घाण साठल्याची खूण आहे. यंत्र मिठाचे असो वा नसो, पाण्यात उतरण्याआधी साबणाने अंघोळ केली आणि लहान मुलांना वेळेवर बाथरूमला नेले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

फॅरडे यांचा क्लोरीनशी संबंध पुढेही राहिला. १८२३ मध्ये त्यांनी बंद काचनळीत दाबाखाली क्लोरीनचे द्रव रूप मिळवले. अशाच प्रयोगांत नळी फुटून त्यांच्या डोळ्यांत काचा गेल्या, तरी काम थांबले नाही. १८२५ मध्ये त्यांनी बेंझिन वेगळे केले. १८३१ मध्ये चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करता येते, हे दाखवले. आज आपल्या घरात येणाऱ्या विजेचे मूळ त्या प्रयोगात आहे.

आपल्या तलावाच्या दृष्टीने मोलाचे काम झाले ते १८३३-३४ मध्ये. द्रावणातून वीज सोडली की त्यातले घटक सुटे होतात, हे तोवर ठाऊक झाले होते. फॅरडे यांनी त्याचा हिशेब मांडला. किती पदार्थ सुटा होईल, हे किती वीज वाहिली त्यावरच ठरते. दुप्पट वीज, दुप्पट पदार्थ. इलेक्ट्रोड, अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे आपण शाळेत शिकलेले शब्दही त्याच काळात, केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्या मदतीने त्यांनी रूढ केले.

मिठाचे यंत्र अगदी याच नियमावर चालते. तलावाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ विरघळवलेले असते. समुद्रात ते ३५ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणून तलावाचे पाणी फारसे खारट लागत नाही. पंपाने फिरणारे हे पाणी टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जाते. एका बाजूला क्लोरीन तयार होऊन पाण्यात मिसळतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन वायू सुटतो. क्लोरीनने जंतू मारले की त्याचे पुन्हा क्लोराइड होते, म्हणून मीठ फारसे संपत नाही. म्हणजे मिठाचा तलाव हा क्लोरीनचाच तलाव आहे, फक्त क्लोरीन जागेवर बनतो. फायदा इतकाच, पण तो लहान नाही. घरात क्लोरीनची पावडर किंवा द्रावण साठवावे लागत नाही आणि ते चुकून अ‍ॅसिडमध्ये मिसळून विषारी वायू सुटण्याचा धोका कमी होतो.

आता निवडीकडे. फॅरडे यांच्या नियमाने पट्ट्यांच्या एका जोडीतून एक अँपिअर वीज तासभर वाहिली, तर जास्तीत जास्त १.३ ग्रॅम क्लोरीन मिळतो. कोणतीही कंपनी यापुढे जाऊ शकत नाही. म्हणून जाहिरातीपेक्षा तासाला किती ग्रॅम क्लोरीन मिळेल, हा आकडा विचारावा. समजा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल आहे. त्यात ४०,००० लिटर पाणी मावते. आपल्याकडच्या उन्हात दिवसाला लिटरमागे ३ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो असे धरले, तर रोज १२० ग्रॅम लागेल. पंप आठ तास चालणार असेल, तर तासाला १५ ग्रॅम हवेत. पाहुणे आले की गरज वाढते आणि पट्ट्या जुन्या झाल्या की उत्पादन घटते. तेव्हा २० ते २५ ग्रॅमचे यंत्र घेणे शहाणपणाचे.

आणखी काही गोष्टी पाहाव्यात. पाण्याचा प्रवाह थांबताच यंत्र आपोआप बंद झाले पाहिजे, नाहीतर नळात हायड्रोजन साठतो. बोअरचे पाणी जड असेल, तर पट्ट्यांवर क्षारांचा थर बसतो. अशा ठिकाणी विजेची दिशा ठरावीक वेळाने आपोआप उलटवणारे यंत्र घ्यावे. मीठ शुद्ध आणि बिनआयोडीनचे असावे. जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचसह करून घ्यावी.

यंत्र बसले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. १८५५ च्या जुलैमध्ये फॅरडे बोटीतून थेम्स नदीवरून जात होते. पांढऱ्या कार्डाचे तुकडे ओले करून त्यांनी पाण्यात टाकले. इंचभर खाली जाण्याआधीच ते दिसेनासे झाले. नदीचे गटार झाल्याचे त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून जाहीर केले. लंडनमध्ये नुकतीच कॉलऱ्याची साथ येऊन गेली होती. तीन वर्षांनी दुर्गंधी असह्य झाली, तेव्हा कुठे संसदेने मोठ्या भुयारी गटारांचे काम मार्गी लावले.

तलावालाही अशीच साधी, पण नेमाने केलेली तपासणी लागते. काठावरून तळाची जाळी स्वच्छ दिसत नसेल, तर पाण्यात उतरू नये. पण नितळ दिसणारे पाणीही निर्जंतुक असतेच असे नाही. म्हणून तपासणी संच वापरून मोकळा क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू, म्हणजे पीएच, ७.२ ते ७.८ आहे का ते पाहावे. मिठाच्या यंत्राने सामू हळूहळू चढतो आणि तो चढला की क्लोरीन असूनही जंतू नीट मरत नाहीत. जुलाबाचे काही जंतू तर पुरेशा क्लोरीनमध्येही दिवसचे दिवस तग धरतात. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात सोडू नये, मग यंत्र कितीही महागडे असो.

उतारवयात फॅरडे यांची स्मरणशक्ती क्षीण होत गेली. सरदारकी त्यांनी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट इथल्या घरात २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. औपचारिक शिक्षण नसलेल्या या माणसाचे बळ होते स्वतः मोजून पाहण्याच्या सवयीत. तलावाच्या काठावर तपासणीची छोटी नळी हातात घेताना आपल्याला नेमकी तीच सवय हवी आहे.