पुण्यातील प्रकाशशोधक

दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातील रेषा किती सरकल्या यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजला जातो. ताऱ्यांचा वर्णपट वाचण्याची ही विद्या पुण्यात रुजवू पाहणारे गृहस्थ म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८). भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. तेथील वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. मृगातील तेजोमेघाची मुख्य वर्णरेषा रेखीव असल्याचे १८९१ मध्ये दाखवून नायगमवालांनी लॉकियर यांच्यासारख्या मातब्बराच्या मताला छेद दिला. १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध त्यांनी जेऊर येथे घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत स्लायफर यांनी देवयानी दीर्घिकेच्या रेषांचे सरकणे मोजण्यास प्रारंभ केला. पुढे त्यांच्याच मोजमापांच्या आधारे हबल यांनी १९२९ मध्ये प्रसरणाचा नियम मांडला. पुण्याला हा मान मिळालाच असता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु एका व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर मिटणाऱ्या वेधशाळेला ती संधीही उरत नाही. दुर्बीण देणगीतून येते. परंपरेला मात्र उत्तराधिकारी लागतो.