रमाबाई रानडे : मर्यादा आणि निश्चय

कै. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यास आल्या. न्यायमूर्ती माधवरावांनी त्यांस शिकविण्यास आरंभ केला आणि घरच्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सुरू झाले. उलट उत्तर करावयाचे नाही, पण पुस्तकही सोडावयाचे नाही, असा त्यांचा क्रम. आपल्या टागोरनगर-कन्नमवारनगरातील सुनांना यातली कसरत निराळी समजावून सांगावयास नको!

नाशिकचा प्रसंग पाहा. मुलींच्या शाळेचा बक्षीस समारंभ होता आणि पाहुण्यांस हार घालण्याचे काम रमाबाईंकडे आले. मडमेस त्यांनी हार घातला. पण साहेबांची पाळी येताच त्या बाजूस झाल्या. परपुरुषाच्या गळ्यात हार घालणे आपल्या रीतीत बसेना. न घालावा तर पाहुण्याचा अवमान. गोपाळराव हरी देशमुखांच्या हे ध्यानात आले व त्यांनी पुढे होऊन साहेबांस हार घातला. अशी वेळ सावरणारे माणूस प्रत्येक समारंभात असावे. आपल्या हळदीकुंकवासही ते लागतेच.

पतीचे नाव घेणे तेव्हा अमर्यादा. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींतही रमाबाईंनी तो संकोच पाळला. मात्र काम करताना संकोच नव्हता. १९०१ साली वैधव्य आले. पुढे १९०४ साली मुंबईस भरलेल्या महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांसही त्या भेटत. १९२४ साली त्या निवर्तल्या.